शारजात हरवलेले आमचे दत्ता मिस्त्री

माझे पणजोबा घर सोडून पळाले होते.

निदान वेंगुर्ल्याला आमच्या घरात तरी असंच सांगतात.

दत्ताराम मिस्त्री. बोटींच्या इंजिनांचे मेकॅनिक. आजी चार वर्षांची असताना समुद्रमार्गे शारजाला आले, आणि काही वर्षांनी तापाने इथेच गेले.

आजी आता पंचाहत्तरीची. वडिलांचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य. "विसरले ते मला."

मी इथे शारजात, अल मजाज भागात राहायला आल्यापासून दिसेल त्याला विचारत सुटले. जुने दुकानदार, टॅक्सीवाले, सगळे. कुणालाच काही माहीत नाही.

शेवटी ऑफिसमधला अहमद, मूळचा इथलाच अरब, म्हणाला, "माझ्या आजोबांना विचार. त्यांच्या घरची मासेमारीची बोट होती."

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. कॉफी, खजूर, आणि आजोबांचं झकास हिंदी.

"मिस्त्री? दत्ता मिस्त्री? अरे, हमारी बोट में पहला इंजिन उसी ने बिठाया! तब इधर बिल्डिंग नहीं, लाइट नहीं. बस समंदर."

मग हसायलाच लागले. "इंजिन बंद पड़ता, तो वो उसको थपथपाके बोलता, 'चल सुमन, चल!' हम बच्चे भी साथ में चिल्लाते. आज भी मेरी गाड़ी स्टार्ट नहीं होती तो मैं वही बोलता हूँ. लेकिन ये सुमन कौन, मालूम नहीं."

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

"ये सुमन. मेरी नानी."

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि 'चल सुमन, चल!'ची गोष्ट आजीलाही सांगितली. मग म्हणाले, "बहनजी, तुम्हारा बाप हर साल बोलता था, इस साल बेटी को इधर लाएगा. इन्शाल्ला, इन्शाल्ला. फिर वो बुखार आया."



आजी हसली. डोळे पुसत, पण खळखळून.

"अगो, मी लहानपणी चालताना रस्त्यातच बसकण मारायचे. बाबा मला असंच म्हणायचे!"

घरी येऊन लेकीला सांगितलं तर म्हणते, "मम्मा, वी वेअर हिअर बिफोर द मॉल्स? सो कूल!"

आज पणजोबांचा स्मृतिदिन.

आजीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाने पान वाढलंय. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. फोटो पाठवलाय, आणि खाली मेसेज: "बाबांना तिखट लागतं. जास्तच घातलंय."

पणजोबा, ओळख व्हायला उशीर झाला, पण झाली.

तुमच्या सगळ्या लेकी-नातींचा मनापासून नमस्कार.