मायक्रोवेव्हच्या पाण्याचा चहा

मला माझी माय घरी हवी होती. यवतमाळात भाड्याच्या दोन खोल्या, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी, आणि संध्याकाळी कुलूप काढलं की आत कोणी नाही, अशी सहा-सात वर्षं मी काढली होती. माय मारेगावकडच्या आमच्या गावात एकटी राहायची आणि लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. ती वर्षं कापसाला धार्जिणी नव्हती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, अर्ध्या गावानं सोयाबीन पेरायला घेतलेलं. वेचणीची कामं कमी होत चालली होती, म्हणजे आता माय माझ्याकडे येईल, असं मी मनाशी धरून चालले होते. गावाच्या पडत्या काळात आपली सोय बघणं वाईटच, पण मी बघितली.

वेचणी सुरू व्हायच्या आधी ती पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात तिनं चहा गाळला आणि गॅसचं बटन अर्धंच फिरवलं; जाळ विझला, गॅस चालूच राहिला. जन्मभर चुलीत काड्या सारलेली बाई ती. मी शाळेतून आले तर घरभर वास आणि माय खाटेवर डुलक्या घेतेय. खिडक्या उघडता उघडता मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली. त्याच आठवड्यात आमच्या एका शिक्षिकेची बदली झाली. ती सामान काढत होती, त्यातला जुना मायक्रोवेव्ह मी घेतला. जाळ नाही, गॅस नाही, बटन दाबायचं आणि चहाचं पाणी गरम. आता मायला इथे ठेवायला हरकत नाही, असं वाटून मी रिक्षात त्या खोक्याला मांडीवर धरून आले.

मायनं त्याच्याकडे लांबूनच पाहिलं.

"त्याच्यात पाणी मरते म्हणते."

"कोण म्हणते?"

"खालची म्हणते. ते पाणी झाडाले टाकलं तं झाड बी मरते."

विज्ञानाच्या बाईला तिच्याच घरात हे ऐकवायचं म्हणजे काय! मी गुरांच्या ढेपेच्या दुकानातून मूठभर सरकी, म्हणजे कापसाचं बी, आणली. मायनंच ती ओल्या मातीत चोळून मोकळी केली आणि दोन डब्यांत लावली. एका डब्याला नळाचं पाणी, दुसऱ्याला मायक्रोवेव्हमध्ये तापवून थंड केलेलं. आठवड्याभरात दोन्हीकडे सारखेच कोंब आले. माय म्हणाली, "सरकीच ते, तिले काय होते!"

दोन दिवसांनी नवीन निघालं. त्याची किरणं पाण्यात राहून जातात आणि पोटात जातात. मी बल्ब लावला, बंद केला आणि विचारलं, "माय, उजेड खोलीत राह्यला काय?" ती हसली. मग म्हणे त्याच्यासमोर उभं राहिलं की डोळे जातात. मी दारातली जाळी दाखवली, दार उघडलं की ते आपोआप बंद पडतं हेही दाखवलं. शेवटी म्हणाली, "ज्याच्यात स्टीलचा गिलास चालत नाई ते कायचं भांडं?" मी काचेचे दोन नवे गुळगुळीत ग्लास आणले. एकेक शंका मोडून काढताना मला चढत्या क्रमानं आनंद होत होता. सगळ्या संपल्या की ती राहील, इतकं सरळ गणित होतं माझं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. मायक्रोवेव्हसोबत आलेल्या पुस्तिकेत ती होती, आणि आठवीला उत्कलन शिकवणाऱ्या मला ती न वाचताही कळायला हवी होती. गुळगुळीत ग्लासातलं पाणी कधीकधी उकळायच्या पलीकडे तापतं आणि तरी वर बुडबुडा येत नाही. मग त्यात काही टाकलं की ते एकदम उसळतं. लाकडी चमचा आत ठेवावा, जास्त वेळ तापवू नये, झाल्यावर जरा थांबावं, एवढंच करायचं असतं. पण इतक्या खोट्या भीती घालवल्यावर ही एक खरी भीती तिच्या हातात द्यायची? मी ती पुस्तिका खणात टाकून दिली.

रविवार होता. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. मायक्रोवेव्ह वाजून थांबला.

"झालं काय पाणी?" मी विचारलं.

"कुठचं झालं! एक बुडबुडा नाई अजून," माय म्हणाली, आणि तिनं पुन्हा बटन दाबल्याचं मला ऐकू आलं. तिच्यासाठी पाणी खळखळल्याशिवाय उकळत नसे, आणि चहात पहिली पडायची ती साखर. मी ऐकलं, मला समजलंही, आणि हातातला पेपर पुरा करून उठू म्हणून मी बसून राहिले.

ती ओरडली तेव्हा ग्लासात पाणी उरलंच नव्हतं. उजव्या हाताची बोटं आणि मनगट लाल झालं होतं. तिला त्यावर टूथपेस्ट लावायची होती. मी तिचा हात नळाखाली धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग डॉक्टरकडे नेलं.

त्यानंतर ती आणखी साडेतीन आठवडे माझ्याकडे राहिली. मी तिला घास भरवायचे, तिची वेणी घालायचे, लुगड्याच्या निऱ्या करून द्यायचे. शाळेतून येताना दुरूनच खिडकीत दिवा दिसायचा आणि माझे पाय भरभर उचलायचे. गावात वेचणी सुरू झाली होती, आणि तिला जाता येत नव्हतं. खरं सांगते, पट्टी बदलताना खाली नवी कातडी दिसली की मला वाईट वाटायचं. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. आज माय नाही.

मूठ मिटायला लागली त्या दिवशी तिनं पिशवी भरली. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"माय, पाणी असं उडते हे मले माहीत होतं. मी तुले सांगतलं नाई. तू भेशीन अन् जाशीन म्हणून."

तिनं पिशवीची गाठ मारली. हात अजून दुखत होता, त्यामुळे वेळ लागला.

"मी कायले भेतो त्या डब्याले?" ती म्हणाली. "मले माह्या घरी राहाचं होतं, बाई. पन तुह्या तोंडाकडे पाहून नाई म्हणवत नव्हतं. म्हणून मी त्याले नावं ठेवून राह्यली होती."