मामांचा निःपक्षपात

आमच्या मामांइतका निःपक्षपाती माणूस जगात दुसरा झाला नसेल. आणि होऊही नये, असं मला वाटतं. कल्याणच्या बाजारातले तंटे तेव्हा सरकारी कोर्टात न जाता व्यापाऱ्यांच्या पंचायतीत मिटत. मुख्य पंच निवडायला सारे व्यापारी देवळात जमत आणि ज्याच्यापुढे जास्त सुपाऱ्या पडतील त्याला गादीवर बसवत. मामांपुढे सुपाऱ्यांचा ढीग पडला आणि आमच्या घरातलं सुख संपलं. रीत एवढीच होती, की तंटा चालू असेतो पंचाने दोन्ही पक्षांचा उंबरठा ओलांडू नये, त्यांच्याकडचं पाणी घेऊ नये. मामांनी ती सगळ्या गावाला लावली. लग्नाला जाताना स्वतःचा तांब्या नेत. भाजीवालीने वर टाकलेल्या मिरच्या परत करत आणि म्हणत, "उद्या हिचाच तंटा आला तर?" मामी म्हणायची, "मग माझ्या हातचं तरी कशाला जेवता? माझंही भांडण आहेच की तुमच्याशी."

मग खरोखरच तात्यांचा तंटा आला. तात्या भाताचे व्यापारी, मामांचे लहानपणापासूनचे सोबती. रोज संध्याकाळी दोघे सोंगट्या खेळत. तात्यांनी ठाण्याला पाठवलेला तांदूळ खाडीत मचव्यातच भिजला, आणि नुकसान कुणी सोसायचं यावर तिथल्या व्यापाऱ्याशी वाद पडला. मामांनी तात्यांकडे जाणं बंद केलं. ठाणेकर तारखेला येईना, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मामा निकाल देईनात. तेवढ्यात तात्यांनी अंथरूण धरलं. मामा रोज रस्त्यात उभे राहून खिडकीतून चौकशी करत.

"आत ये रे," तात्या म्हणत.

"निकाल होऊ दे."

एकदा तात्या म्हणाले, "अरे, मी हरलो असं सांगून टाक बाजाराला, पण ये."

मामांचे डोळे भरून आले, पण पाय हलला नाही. "न ऐकता तुला हरवू कसा?" एवढंच म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

तात्या गेले. मामा स्मशानात आले, घरात मात्र गेले नाहीत. तेराव्यानंतर ठाणेकर उगवला. तात्यांच्या बाजूने त्यांचा भाऊ बोलला. तात्यांचंच बरोबर होतं, असा मामांनी निकाल दिला आणि गादीवरून उठून थेट त्यांच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. भावाने पाणी पुढे केलं.

"वहिनी, निकाल तात्याच्या बाजूने झाला," मामा म्हणाले.

दाराआडून वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, त्यांना निकाल कुठे हवा होता?"

मामा भिंतीला टेकून बसून राहिले. दिवेलागण झाली तरी त्यांना घरी चला म्हणायचा मला धीर झाला नाही.