वहिनी झाड व्हायच्या

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात माणसांचे फोटो काढतो. माणूस लख्ख दिसतो आणि मागचं सगळं धूसर, मऊ होऊन जातं, तसले फोटो. महागड्या फोनला ते एका बोटात जमतं. दादाचा फोन तसा नाही. तो त्याने एका गिऱ्हाइकाकडून जुना घेतला. काचेला कोपऱ्यात तडा, मागे एकच कॅमेरा, आणि जागा इतकी कमी की नवा फोटो ठेवायचा तर जुना काढून टाकावा लागतो. तरी आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी फोनवर लावलेला चेहरा दादाने काढलेला आहे. दोन चहाच्या पैशांत इतकं देखणं दुसरं कोण करून देणार?

युक्ती त्याची त्यानेच शोधली. इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबलचक बोळ आहे, दोन्ही टोकांना उघडा. अलीकडच्या टोकाला बाकडं, त्यावर गिऱ्हाईक. मागे जितकं अंतर जास्त तितकं मागचं जास्त विरघळतं, हे त्याचं पहिलं सूत्र. तो स्वतः मात्र अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. सुती फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसायची, पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, चौकोन पिवळा झाला की श्वास रोखायचा. एवढ्याने थोडंसं धूसर होतं. उरलेलं एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये, बोटाने. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, ती संपेपर्यंत दादा भिंतीकडे बघत बसतो. गाल-हनुवटीची कड सोपी. खरी परीक्षा केसांची. अ‍ॅप केस खाऊन टाकतं आणि माणूस टोपी घातल्यासारखा दिसतो. दादा एकेक बट बोटाच्या टोकाने परत आणतो. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मशीनच्या खोलीत डबा उघडा टाकून कुणा परक्या बाईचे केस सोडवत बसलेला माझा भाऊ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

अडचण एकच होती. बोळाच्या पलीकडच्या टोकाला विजेचे मीटर, कचऱ्याचे ड्रम आणि कुणाची तरी चाक नसलेली सायकल. धूसर केले तरी ड्रम ते ड्रमच. म्हणून तिथे वहिनी उभ्या राहायच्या, दोन्ही हात वर करून, हिरवी चादर धरून. चादर ताणली की चादर दिसते. जरा सैल सोडून हलवत राहिलं की घड्यांवर उजेड खेळतो आणि फोटोत मागे दाट झाड असल्यासारखं वाटतं. हा शोध वहिनींचा, कपडे वाळत घालताना लागलेला. दादा ओरडायचा, "झाड, जरा डावीकडे!" आणि चादरीमागून उत्तर यायचं, "झाडाचे हात भरून आलेत हो, उरका!" गिऱ्हाईक खुदकन हसायचं आणि नेमका तो चेहरा दादा टिपायचा. सहा वर्षं हे चाललं. त्या सहा वर्षांत त्याने वहिनींचा एकही फोटो काढला नाही. मी एकदा टोमणा मारला तर म्हणाला, "अगं, प्रत्येक फोटोत आहे की ती."

मग वहिनींना गाठ निघाली.

रिपोर्ट आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. दादाने कागद दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि मोरीतला नळ गळतोय म्हणून पाना शोधायला लागला. मला वाटलं होतं कुणीतरी रडेल. कुणीच रडलं नाही. मीसुद्धा नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल कसा होतो, तसं ते सगळं घर झालं होतं. जेवलो, भांडी घासली, बातम्या लावल्या. निवेदक काय सांगत होता ते तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

औषध सोमवारी सुरू होणार होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केस जातील, असं हॉस्पिटलमधल्या सिस्टरने सरळ सांगून टाकलं होतं. वहिनींचे केस कमरेच्या खाली होते. त्यावरही घरात कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त बुधवारी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाल्या, "सोमवारच्या आत एक फोटो काढायचाय."

"काढू की," दादा म्हणाला.

गुरुवारी उजेड बरा नव्हता. शुक्रवारी कुठलीशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. शनिवारी नोकरीच्या अर्जासाठी दोन गिऱ्हाइकं आली आणि त्यांच्यासाठी चादर धरायला वहिनीच उभ्या राहिल्या. मी कपडे आल्टर करून देते. दुकानातून परत येताना ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"वहिनींचा कधी काढणार आहेस?"

दादा खरोखर विचारात पडला. "पण मग झाड कोण होणार?"

तो थट्टा करत नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. "मी होते! मला काय हात नाहीत?"

रविवारी दुपारी चारला आम्ही तिघं खाली उतरलो. साडेचार-पावणेपाचपर्यंत बोळात चांगला उजेड असतो, मग झपकन जातो. वहिनींनी केस मोकळे सोडले होते. खाली आल्या आणि सवयीने तडक पलीकडच्या टोकाला जाऊन त्यांनी चादर उचलली. दोन्ही कोपरे चिमटीत धरून उभ्या राहिल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या, चादर माझ्या हातात दिली आणि येऊन बाकड्यावर बसल्या.

दादाने काच पुसली. फोन समोर धरला. मी मागे चादर हलवत होते. "थोडी उजवीकडे," तो म्हणाला. मी सरकले. "आता डावीकडे." मी पुन्हा सरकले. चादरीवरून बघितलं तर त्याची नजर वहिनींच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे. त्यांच्या चेह‍ऱ्यावर बोट दाबायचं, तेच त्याला होत नव्हतं. चार-पाचदा बोट काचेपर्यंत गेलं आणि परत आलं. मग तो उठला, फोन माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तू काढ. आज झाड मी."

आणि गेला मागे. लिफ्टच्या डक्टमध्ये तासन्‌तास हात वर करून काम करणारा माणूस, त्याला चादर काय जड! खांद्याच्या वर, अगदी एका रेषेत धरली. हलवायलाही विसरला नाही.

वहिनी बाकड्याच्या एका कडेला बसल्या होत्या. मी म्हटलं, "जरा मध्ये या." त्या नावापुरत्या सरकल्या. मागे वळून बघितलं. "पुढे बघा वहिनी, उजेड चाललाय." त्यांनी पुन्हा वळून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "वहिनी, पुढे बघा हो!" मी चक्क खेकसले. त्यांनी पुढे बघितलं. मी बोट दाबलं, पिवळा चौकोन आला, फोटो निघाला.

दादाला त्या फोटोला तीन दिवस लागले. एवढे केस त्याने कधी सोडवले नव्हते. वहिनी बाकड्यावर मधोमध नव्हत्या, म्हणून शेजारची रिकामी बाजू त्याने कापून टाकली आणि चौकट नीट बसवली. मग नेहमीप्रमाणे मूळ फोटो काढून टाकला. फोटो झाला मात्र असा की कुणी म्हणावं बागेत काढलाय.

केमोच्या दुसऱ्या फेरीला वॉर्डात वहिनींसोबत मी होते. डोक्याला रुमाल बांधलेला, हाताला सलाइन. दुसऱ्या हातात त्यांनी माझा फोन धरला होता. दादाने मला पाठवलेला फोटो त्या कितीतरी वेळ बघत होत्या.

"केस अगदी खरे आलेत गं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं होतं, हे शेजारी येऊन बसतील. म्हणून जागा ठेवून बसले होते. दोघांचा हवा होता मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. पण ते इतक्या हौसेने मागे गेले, आणि तू पण घाई करत होतीस." त्यांनी फोन उलटा करून पांघरुणावर ठेवला. "जाऊ दे. त्यांना नको सांगूस. त्यांना वाटतंय, जन्मात एकदा तरी मला पुढे बसवलं."

आता काढू या की दोघांचा, असं मी म्हटलं. त्यांनी रुमालाला हात लावला आणि मान हलवली. नको.

चौथ्या फेरीनंतर वहिनी गेल्या. दादा आठव्या दिवशी कामावर गेला आणि पंधराव्या दिवशी बोळात पहिलं गिऱ्हाईक बसलं. चादर आता मीटरच्या खोक्याला आणि समोरच्या खिळ्याला बांधलेली असते. ती हलत नाही, त्यामुळे फोटोत चादरच दिसते. दादा जेवतो, कामाला जातो, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. एखाद्याने नमुना म्हणून फोटो दाखव म्हटलं, तरच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. वहिनींचा फोटो पुढे धरून तो म्हणतो, "ह्यात मागे मी आहे." मागे हिरवं धूसर काहीतरी आहे, त्यात दादा कुठे ते दिसत नाही.

परवा मी गेले तेव्हा तो बाकड्यावर एकटाच होता. मी शेजारी बसले. त्याने विचारलं, "वॉर्डात तू होतीस ना तिच्याजवळ. फोटोबद्दल काही बोलली होती का?"

"केस अगदी खरे आलेत, म्हणाल्या."

"कपाळावरची एक बट सारखी निसटत होती," तो म्हणाला. "अजून काही?"

"नाही रे. एवढंच," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मला हुंदका आला नाही, डोळेही भरले नाहीत. फक्त तोंड उघडलं तर सगळं बाहेर पडेल, या भीतीने मी ओठ मिटून तशीच बसून राहिले.