पाचवी फाइल

आधीच सांगते... आमच्या घरात नवस, उतारे, अंगारे-धुपारे यातलं काही नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर खो-खो हसत आलेय. आता तुमची पाळी. हसा खुशाल!

मागच्या वर्षी मी खराडीतली बरी चाललेली नोकरी सोडली आणि कोथरूडमधल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये साउंड रेकॉर्डिंगला प्रवेश घेतला. तिथे सिनेमा, टीव्ही, संगीत असं सगळं शिकवतात. आम्ही राहतो खडकीला, बाबा दारूगोळा कारखान्यात. ते भडकलेच. "आवाजाचं कसलं शिक्षण? तीस वर्षं मी आवाजच ऐकतोय. कान गेले, सर्टिफिकेट कुणी दिलं नाही!" त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ टाकलं. म्हणजे शेवटची डिप्लोमा फिल्म हा माझ्या हातातला एकच पत्ता होता. ती पडली तर मुकाट्याने परत खराडी.

फिल्म हमीदचाचांवर होती. चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे. फुप्फुसं थकली म्हणून डॉक्टरांनी फुंकायला साफ बंदी केलेली. आमचा दिग्दर्शक अद्वैत महिनाभर त्यांच्या मागे लागला, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे बेटा. नवरी निघताना वाजवायचो ती धून वाजवतो. पण एकदाच. दुसरा टेक मागायचा नाही, आणि त्यानंतर हे वाद्य नातीला द्यायचं."

शूटिंग आमच्याच स्टुडिओत, सकाळी दहाला. स्टुडिओत चपला-बूट चालत नाहीत, सगळे अनवाणी. चाचासुद्धा मोज्यांवर. माझ्या रेकॉर्डरला बटण एकच – एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. चालू असताना लाल दिवा लागतो. त्या दिव्याचं प्रतिबिंब क्लॅरिनेटच्या चकचकीत पट्ट्यांत दिसत होतं, म्हणून मी अतिशहाणीने दिव्यावर काळी टेप चिकटवली. तिथेच माती खाल्ली.

मुलाखतीचे तीन तुकडे झाले, तीन फाइली. मग चहा. चहा पिताना चाचा सांगत होते, "माझ्या उजव्या हाताला बाबूराव असायचा. साइड ड्रम. चाळीस वर्षं एकत्र वराती केल्या आम्ही. दोन वर्षांपूर्वी गेला. आता ही बाजू फार मोकळी वाटते गं... वाजवताना तिथे कुणी उभं राहू नका." आम्ही ती बाजू मोकळी सोडली. मी माईक समोर धरला.

मी बटण दाबलं, अद्वैतने क्लॅपची पाटी वाजवली, आणि चाचा वाजवायला लागले. काय सांगू! पहिल्या सुरालाच माझ्या अंगावर काटा आला. संपल्यावर चाचांनी क्लॅरिनेटला कपाळ टेकवलं. मी बटण दाबलं, डोळे पुसले आणि सहज टेप काढली.

लाल दिवा चालू होता.

क्षणभर कळेना. मग कळलं आणि पायाखालची जमीनच सरकली. चहाच्या वेळी कधीतरी चुकून धक्का लागून बटण दाबलं गेलं होतं. म्हणजे चौथ्या फाइलमध्ये चहाच्या गप्पा. धून सुरू होताना मी ते बंद केलं आणि धून संपल्यावर चालू केलं! हेडफोनवर सगळं ऐकू येत होतं, पण ते येतंच, रेकॉर्ड होवो न होवो. चाचा रिक्षात बसून खुशीत घरी गेल्यावर मी आणि अद्वैतने कार्ड तपासलं. पाचवी फाइल वीस सेकंदांची. त्यात खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

"कॅमेऱ्यातला आवाज?" मी विचारलं.

"केळकर सरांचा नियम विसरलीस?" अद्वैत डोकं धरून बसला. "बंद ठेवायचा. नाहीतर म्हणे साउंडवाल्यांचे कान आळशी होतात. करुणा, आपण मेलो."

चाचांना परत फुंकायला सांगायचं? माझी जीभच रेटली नसती. मी कार्ड डबीत घालून घरी नेलं, उशाशी ठेवलं आणि मनाशी खराडीच्या नोकरीचा अर्ज लिहून टाकला.

सकाळी अकराला साउंड शिकवणाऱ्या केळकर सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, धून रेकॉर्ड झाली नाही. चूक माझी आहे."

"चूक तुमचीच असणार, कारण बटण तुमच्याकडे होतं," सर म्हणाले. "कार्ड लावा. काय झालं नाही ते तरी ऐकू."

पाच फाइली. पाचवी... सहा मिनिटं बारा सेकंद.

मी अद्वैतकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. सरांनी ती लावली आणि खोलीत क्लॅरिनेट घुमलं. अख्खी धून, पहिल्या श्वासापासून! क्लॅपचा आवाज चित्राशी लावून पाहिला, तंतोतंत बसला. मला रडू फुटलं. सर मात्र डोळे मिटून बसलेले.

"माईक कुठे होता?"

"समोर, सर."

"हा समोरचा आवाज नाही. चाचांच्या उजव्या खांद्याशेजारचा आहे. उत्तम जागा. मला सुचली नसती." सरांकडून एवढी स्तुती म्हणजे सोन्याचं पदकच! मग म्हणाले, "आणि बूट घालून ठेका कोण धरतंय?"

खरंच होतं. धुनीखाली टाचेचा ठेका चालला होता, टक... टक... अगदी लयीत. आणि आम्ही सगळे अनवाणी होतो.

दुपारी चाचांना बोलावून हेडफोन लावला. मिनिटभर ऐकलं असेल, हळूच उजवीकडे वळून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असताना खदखदून हसले. "बाबूच्या बुटाला नाल असायची. साल्याने अजून लय सोडली नाही!" मग माझा हात धरून म्हणाले, "पिक्चर संपल्यावर नावं येतात ना गं? चाळीस वर्षं वाजवलं, पण बाबूचं नाव कुठे छापून आलं नाही. तेवढं बघ."

मी सरांना विचारलं. मेलेल्या माणसाचं नाव कुठल्या अधिकाराने घालणार?

"काम केलंय ना त्यांनी? मग घाला," सर म्हणाले.

शोच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बाबा शेवटच्या रांगेत, आईने ओढत आणलेले. धून संपली, पडदा काळा झाला, आणि अक्षरं आली – 'क्लॅरिनेट : हमीदभाई'. त्याखाली, 'ठेका : बाबूराव'. चाचा ताडकन उठून टाळ्या वाजवायला लागले. मग सर उठले. मग सगळा हॉल! त्या टाळ्या आठवल्या की आजही माझी छाती फुगते. मी पास झाले, आता कामही करतेय.

ती फाइल कशी तयार झाली? रेकॉर्डरच्या कंपनीतल्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला, मॅडम, असं होऊच शकत नाही. अद्वैत म्हणतो, विचार करू नकोस. मी करते, रोज करते, आणि हाती काहीच लागत नाही.

शोच्या संध्याकाळी बाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून हसले. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलतात, तसंच ओरडले, "बाकी मला धड कळलं नाही, पण तो ठेका थेट इथे आला बघ!" आणि छातीवर हात ठेवला. "ते बाबूराव कुठायत? मला भेटायचंय त्यांना."

चाचांच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

"आत्ताच गेले, बाबा," मी म्हटलं.