शाळेतला वॉर्ड

वीस वर्षं नर्स होते. गुडघे कुरकुरायला लागले तशी बडोद्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला ‘हेल्थकेअर’ विषय शिकवायला लागले. म्हटलं, आता आराम. कसला आराम! वॉर्डातले पेशंट निदान डिस्चार्ज तरी होतात, शाळेतले किस्से मात्र साठतच राहतात. घरी येऊन पायाला बाम चोळत नवऱ्याला सांगते. तेवढाच निचरा.

* * *

ॲडमिशनच्या दिवशी कारेलीबागेतले एक वडील आले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी मुलगी.

“बेन, हिला डॉक्टरसारखं काहीतरी शिकवा. ते बेडपॅन वगैरे नको.”

“मग पेशंटने काय करायचं?”

“ते हॉस्पिटलवाले बघतील ना!”

मुलगी खाली बघून हसत होती. मला हसायचंही त्राण नव्हतं. तीस फॉर्म बाकी होते.

* * *

आमच्या लॅबमध्ये एक खराखुरा हॉस्पिटलचा पलंग आहे. प्रिन्सिपलसाहेब त्याला कुणालाच हात लावू देत नाहीत.

“चादर मळते, बेन. इन्स्पेक्शनला काय दाखवू?”

“शिकलेली मुलं दाखवा, सर.”

“मुलं काय, दरवर्षी येतात. चादर एकच आहे!”

मग काय, पेशंटला कुशीवर वळवायला आम्ही बाकांवर शिकलो.

* * *

बीपी मोजायचा तास. पेशंट कोण? मीच. सकाळपासून चार तास घेतलेले, बसायला मिळालं म्हणून खूश होते.

पहिली मुलगी म्हणाली, “बेन, मशीन बिघडलंय.” दुसरं मशीन आणलं. दुसरी म्हणाली, “हेपण बिघडलंय!” तिसऱ्या मशीनला सगळा वर्ग गोळा झाला. आकडा तिन्हींवर तोच.

संध्याकाळी डॉक्टरकडे गेले. त्यांनी त्यांचं मशीन लावलं नि म्हणाले, “बेन, तुमची मुलं चांगली तयार झालीयेत. आजपासून गोळी सुरू करा.”

* * *

जिग्नेश आमच्या शाळेचा फास्ट बोलर. सहा फूट. हॉस्पिटलच्या भेटीत सिस्टरने एका आजोबांच्या पायाची पट्टी सोडली आणि हा धाडकन आडवा!

आजोबा एका पायावर उठले, त्याला कॉटवर घेतलं, आणि म्हणाले, “सिस्टर, आधी ह्याचं बघा. मी थांबतो.”

* * *

हेतल डभोईहून बसने यायची. फार बोलायची नाही. वडिलांनी बजावलेलं, “नापास झालीस तर बस बंद, घरी बस.” आणि प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक असे कडक, की एकाला नखं वाढली म्हणून परत पाठवलेलं.

हेतलला प्रश्न आला, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला अंग पुसून देणे. पेशंट म्हणजे टेबलावरचा प्लॅस्टिकचा पुतळा, शाळेने दिलेल्या शर्ट-पायजम्यात, पायाशी माझ्या घरची चादर.

तिने हात धुतले. पाणी मनगटावर घेऊन बघितलं. शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत हात नेला आणि थांबली.

“काय झालं? विसरलीस?” परीक्षकांनी पेन उघडलं.

“नाही सर. तुम्ही जरा बाहेर जाता?”



“मी परीक्षक आहे!”

“हो सर. पण काकांचे कपडे काढायचेत.”

परीक्षकांनी पुतळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी फरशीकडे. त्यांनी पेन बंद केलं, फाईल काखेत मारली आणि व्हरांड्यात जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले.

हेतलने दार लोटलं. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि पुतळ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “काका, पाणी कोमट आहे हं.”