सरपंचांना समुद्र बाधला

सरपंच व्हायला निघालेले रावजी बोरस्ते ग्रामपंचायतीला नऊ मतांनी पडले आणि आठवड्याच्या आत नाशिकहून एक पांढरं, केसाळ, मांजराएवढं कुत्रं घेऊन आले. त्याचं नाव ठेवलं सरपंच. खरा सरपंच झाला तो धनराज, त्यांचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारा. त्यामुळे रोज सकाळी रावजींच्या ओसरीवरून हाक यायची, "सरपंच, नुसतं भुंकू नका, कामाचं बघा." धनराज खिडकी लावून घ्यायचा. वणी रस्त्यावरच्या टपरीवर दहाच्या आत ती हाक तिखटमीठ लावून पोचायची, आणि पोचवणारे बहुतेक वेळा रावजीच असायचे.

माणूस मुलखाचा चुळबुळ्या. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा यायच्या आत हात धुऊन मोकळा. द्राक्षबागेत मात्र सुखी, कारण बाग कुणाला बसूच देत नाही. फवारणीची त्यांची एक वही होती, तारीखवार. तिच्याच मागच्या पानांवर सरपंचाची लस, जंताचं औषध, गोचिडांची पावडर, सगळं नोंदलेलं. नवसाबाई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्या आळीत सांगायची की पोरीच्या लशी या माणसाला एकदा आठवल्या नाहीत, आणि कुत्र्याची एक चुकली नाही.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात जावयानं हौसेनं डहाणूच्या पुढे एका किनाऱ्यावरच्या गावात सासू-सासऱ्यांसाठी खोली ठरवून दिली. चार दिवस आराम करा म्हणाला. आराम! तेही रावजींना!

समुद्र त्यांनी पहिल्या सकाळीच पाहून घेतला. एकदा पाहिला की पाहिला, त्याला ना छाटणी, ना फवारणी. मग शेजारच्या चिकूच्या वाडीत शिरून मालकाला झाडांतलं अंतर चुकल्याचं सांगून आले. परत समुद्राकडे. परत खोलीत. शेवटी नवसाबाईनं त्यांना सुरूच्या झाडाखाली बसवलं आणि उठलात तर पाय मोडीन म्हणाली. सरपंच मांडीशी. त्याची काळजी रावजींनी पुरती घेतली होती. तापलेल्या वाळूवर पाय टेकू दिला नाही, खारं पाणी लागलं की गोड्या पाण्यानं धुतलं, प्यायचं पाणीसुद्धा घरून कॅनमध्ये आणलेलं. पण रिकाम्या हातांचं करायचं काय? खिशात घरचे बेदाणे होते. एक आपल्या तोंडात, एक सरपंचाच्या. संध्याकाळपर्यंत खिसा तीनदा भरून तीनदा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सरपंच चार वेळा ओकला. उभा राहिला तर पाय लटपटले. पाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं. नवसाबाईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. रावजी मात्र अनवाणीच नाक्यावर पळाले आणि चहाच्या टपरीवर जमलेल्या लोकांना धापा टाकत म्हणाले, "आमच्या सरपंचांना सकाळपासून उलट्या हायेत. डॉक्टर कुठं भेटल?"

आठ वर्षं तेच नाव तोंडात. त्या शब्दाला आणखी काही अर्थ असतो हे बिचारे विसरूनच गेले होते. गावी कुणी बुचकळ्यात पडलं नसतं. पण हे गाव परकं, आणि माणसं पाहुण्यांची कदर करणारी. अर्ध्या तासात खोलीच्या दारात स्कूटरवरून माणसांचे डॉक्टर आले, पंचायतीचे दोन सदस्य आले आणि चार शहाळी घेऊन गावच्या सरपंच अक्काबाई स्वतः आल्या. डॉक्टरांनी पायरीवरच वही काढून रुग्णाचं वय विचारलं. रावजी म्हणाले, आठ. डॉक्टरांचं पेन जागीच थांबलं.

आत खाटेवर टॉवेलमध्ये सरपंच पडला होता. सगळ्यांनी पाहिलं. नवसाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हे सरपंच?" अक्काबाईंनी विचारलं.

"हो."

"यांना निवडून कुणी दिलं?"

रावजींनी निवडणुकीची, नऊ मतांची, धनराजची हकिगत खाली मान घालून सांगितली. गावाकडच्या टपरीवर याच हकिगतीनं लोक पोट धरून हसायचे. इथे कुणी हसलं नाही.

"म्हणजे भावाला कुत्रा म्हणता यावं म्हणून आठ वर्षं हा जीव पोसलात," अक्काबाई म्हणाल्या.

"आधी तसंच होतं," रावजी म्हणाले. "आता नाय तसं. आता हा जगला पायजे, बाई. बाकी काय बोलायचं ते नंतर बोला."

माणसांच्या डॉक्टरांनी हात वर केले. गुरांचा दवाखाना पुढच्या गावात, रविवारचा बंद. तिथले डॉक्टर मागच्याच घरात राहतात, पण पाहुण्याच्या कुत्र्यासाठी सुट्टीच्या दिवशी कुलूप काढतील याची खात्री नव्हती. अक्काबाईंनी तिथूनच फोन लावला आणि सरपंचाचं काम आहे, लगेच उघडा, एवढंच सांगितलं. कुठल्या सरपंचाचं ते त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

सरपंचाला टॉवेलसकट उचलून रावजी आणि नवसाबाई त्या दवाखान्यात पोचले, तेव्हा गुरांचे डॉक्टर सुनीलराव बनियनवर शर्ट चढवत आले. त्यांना पहिल्यांदा लशींच्या तारखा हव्या होत्या, आणि वही राहिली घरी. घराची दुसरी किल्ली होती धनराजकडे. नवसाबाईनं बूथवरून फोन केला. धनराजनं कुलूप काढून वही शोधली, एकेक तारीख दोनदा वाचली आणि शेवटी विचारलं, "वहिनी, सरपंच कसे आहेत?" असं त्यानं आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. हे तिनं येऊन सांगितलं तेव्हा रावजी भिंतीवरचं म्हशीचं चित्र बघत राहिले.

मग डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्यानं काय खाल्लं. रावजी म्हणाले, दूध-भाकरी, बाकी काही नाही, समुद्रच बाधला असणार.

"आणि बेदाणे," नवसाबाई म्हणाली.

"बेदाणा काय खाणं हाय का? बेदाणा आजाऱ्याला देत्यात."

"किती?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता. रावजींनी ओंजळ करून दाखवली, मग आणखी एकदा.

डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नाही, त्यांनीही हल्लीच एका अंकात वाचलं होतं. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांना भोवतात, मूत्रपिंडं बंद पडतात. सलाइन लावू. लघवी झाली तर आशा धरायची. नाही झाली तर खोटा धीर देणार नाही. शीर दोऱ्याएवढी आहे, पंजा धरून बसा, हललात तर सुई निघेल. एवढं सांगून ते एका अडलेल्या गाईकडे निघून गेले.

रावजी बसले. नाकावर माशी बसली. गुडघा आपोआप उडायला लागला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला. ज्या बेदाण्याच्या जोरावर घर उभं राहिलं, गावात कुणी आजारी पडलं की ज्याचा पुडा हातात घेऊन ते जायचे, तो त्यांनी आपल्या हातानं याच्या तोंडात घातला होता, नुसता वेळ जात नाही म्हणून. बाटलीतला थेंब पडायचा. पुढचा पडतो की नाही, बघत बसायचं. अकरा वाजले, एक वाजला. नवसाबाईनं जेवायला बोलावलं, त्यांनी मानसुद्धा हलवली नाही. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. टॉवेल कोरडाच होता. दर पाच मिनिटांनी ते चाचपून बघत होते.

चारच्या सुमारास मांडीवर काहीतरी कोमट पसरलं.

रावजींनी श्वास रोखून धरला आणि कुजबुजत बायकोला हाक मारली. ती धावत आली, बघितलं आणि म्हणाली, "अहो, लेंगा भिजला सगळा. उठा, मी धरते."

"गप बस गं," रावजी म्हणाले, "अजून चालूच हाय."