रोह्याजवळचा गोफ आणि मुकी गेलेली टिपरी

गौरीच्या सणाला बहिणीकडे जायचं ठरलं ते तिच्या एका फोनवर. शालू माझी धाकटी बहीण, रोह्याजवळ कुंडलिकेकाठच्या गावात दिलेली. "ताई, सासूबाईंचे गुडघे गेले. यंदा गोफ मी धरणार. येताना पेणहून टिपऱ्या आण. आणि तू जवळ पायजेस गो."

पनवेलहून जाणार असाल तर रोह्याची रेल्वे धरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट खरं, पण वडखळचे खड्डे पाठीला पूर्णच भरावे लागतात. मी वाटेत पेणला उतरले. मूर्तींचे कारखाने रिकामे, बाप्पा सगळे घरोघरी गेलेले. लाकूड कातणाऱ्याच्या दुकानात मी लालपिवळ्या टिपऱ्या उचलल्या, तर तो म्हणाला, "काकू, त्या शोकेसला. वाजवायला खैराच्या लाकडाच्या, बिनरंगाच्या न्या. रंगानं आवाज दबतो." दोन काठ्या एकमेकींवर टेकवल्या न टेकवल्या, आणि असा टणत्कार! देवळातली घंटाच. घासाघीस करायची तेवढी केलीच, पण मन लागेना. पेणचे पोह्याचे पापड घेतले, घरची थालीपीठं फलाटावर खाल्ली. रोहा स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते, मात्र भरेपर्यंत हलत नाही. घाईत असाल तर रामनाम घ्या.

गोफ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुळईला आठ रंगीत सुती पट्ट्या बांधतात. आठ बायका, एका हातात पट्टीचं टोक, दुसऱ्यात टिपरी. गाणं म्हणत, समोरचीच्या टिपरीवर टिपरी मारत एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून जायचं. वर वेणी विणत जाते. मग तीच पावलं उलटी टाकून ती सोडवायची. या गावात गौर उठवण्याआधी गोफ सुटलाच पाहिजे. गुंता तसाच राहिला तर माहेरवाशिणीची वाट गुंतते म्हणतात.

विसर्जनाच्या दुपारी मी शालूच्या सासूबाईंजवळ उंबऱ्याशी बसले. वेणी काय सुंदर उतरत होती! तेवढ्यात शालूची लेक मोबाईल धरून ओरडली, "आई, इकडं बघ!" शालूनं बघितलं. पुढं दोन फेरे गेले आणि मागं फिरल्यावर वेणी मध्येच अडली. ओढावं तशी गाठ घट्ट.

"झाला सिनेमा," शालूची जाऊ म्हणाली. "पहिल्याच वर्षी! कापा आता. गौरीला उशीर होतोय."

शालूचा चेहरा पांढरा पडला. कापला असता तर जन्मभर तिच्या नावावर राहिलं असतं.

"कापायचा नाय," सासूबाई बोलल्या. त्यांना लांबचं धड दिसत नाही. "शालू, पोरीनं हाक मारली तवा तुजी टिपरी कुनाला लागलीच नाय. मुकी गेली. बाहेरून जायची ती तू आतून गेलीस. आता समद्यांनी उलटं नाचा. त्या जागी आलीस का परत चूक."

"मुद्दाम चुकू?"

"व्हय. तश्शीच. बाकीच्यांनी बरोबर ऱ्हायचं."

"आणि ती जागा कशी कळंल मला?"

"मी हाय ना."

त्यांनी एक जुनी टिपरी घेतली आणि उंबऱ्यावर ठेका धरला. आधी सगळ्या जिथून मागं फिरल्या होत्या तिथपर्यंत पुन्हा विणत गेल्या, मग उलट्या फिरल्या. टक, टक, टक. आठ टिपऱ्या आणि नववी उंबऱ्यावर. माझ्या तोंडात देवीचं नाव, पण तेही त्याच ठेक्यात. आणि मध्येच उंबऱ्यावरची टिपरी हवेतच थांबली. एक ठोका रिकामा. शालूनं डोळे मिटले आणि जिथं जायचं नाही तिथं आत शिरली.

वर गाठ ढिली झाली. पट्ट्या एकेक करून वेगळ्या झाल्या. माझे हात आपोआप जोडले गेले.

जावेनं शालूच्या डोक्यावरचा पदर नीट केला. "चल, उचल गौर. आज तुझ्याच हाती." नदीपर्यंत दोघी बरोबर चालल्या.

घरी येऊन आठवडा झाला. मी आजवर समजत होते, चूक म्हणजे विसरून पुढं जायची गोष्ट. पण ती मन लावून, जशीच्या तशी पुन्हा करावी लागते आणि तेव्हाच सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काल शेजारीण म्हणाली, "दाखव ना तुझ्या गोफाचा फोटो." माझ्याकडे एकच आहे. तुळईला आठ पट्ट्या सरळ लोंबतायत, एकीलाही साधी मुरड नाही. "यात काय आहे?" ती म्हणाली.

मी फोटो मोठा करून पुन्हा तिच्यासमोर धरला.